चप्पल रांगेत आहे

“भरा सगळ्या पोत्यात! समिती फाटकाशी यायच्या आत इथं एक चप्पल दिसता कामा नये!”

दवाखान्याचा मुकादम ओरडत होता आणि त्याची माणसं पोती घेऊन रांगेवर तुटून पडली होती. रांग माणसांची नव्हती, चपलांची होती. आमच्या सरकारी दवाखान्यात रांगेत माणूस उभा राहत नाही, त्याची चप्पल उभी राहते. उजाडताना यायचं, बंद दारापुढं चप्पल काढून ठेवायची आणि झाडाखाली नाहीतर भिंतीच्या सावलीला जाऊन टेकायचं. ज्याला उभं राहवत नाही म्हणून तो दवाखान्यात आलाय, त्याला उन्हात ताटकळत ठेवायचं कशाला? ही रीत कुठल्या साहेबानं काढलेली नाही. साहेबाला रांगेत उभं राहावंच लागत नाही, त्याला ती सुचणार कुठून? ही रीत पाडली दारवाल्या मावशीनं.

मी फाटकाच्या आत नळाशेजारी बसतो आणि चपला शिवतो, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं. मावशी तपासणीच्या दारात उभी राहायची. “पुढचा या” म्हणायचं, दार उघडायचं, दार लावायचं. सरकारनं तिला शिपाई म्हटलं, लोकांनी मावशी म्हटलं. तिचा कडक नियम एकच. रांग पुढं सरकली की आपली चप्पल सरकवायची, शेजारचा उठू शकत नसेल तर त्याचीही सरकवायची, पण हातानं. कुणी पायानं ढकलली की ती दारातून गरजायची, “अरे, तो माणूस आहे तिथं! लाथ कुणाला मारतोस?” भलेभले पैलवान वाकून चपला उचलायचे.

आता ती निवृत्त झाली होती आणि त्या सकाळी तिचीच चप्पल रांगेत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आतल्या सिस्टर म्हणाल्या, “मावशी, मागच्या दारानं या, तुम्हाला कशाला रांग?” तिनं नुसता हात हलवला आणि चाचपडत आपली चप्पल सगळ्यात मागं नेऊन ठेवली. माझ्याकडून नवा अंगठा लावून घेतलेली, तपकिरी.

ती आता पोत्यात गेली.

समिती येणार होती ती दवाखाना बघायला नव्हे, विकायला. भाषा वेगळी होती. ‘व्यवस्थापन हस्तांतरण’ असा फलक हॉलच्या दारावर लावला होता. गावाबाहेर ज्या कंपनीचं काचेचं हॉस्पिटल उभं आहे, तिला आमचा दवाखाना चालवायला द्यायचा की सरकारनंच चालवायचा, यावर लोकांची मतं ऐकायची होती. मतं मागवायची आणि लोकांच्या चपला पोत्यात भरायच्या. वा रे सरकार!

झाडाखालची माणसं उठेपर्यंत पोती भरली होती. एक म्हातारा अनवाणीच पोत्यामागं लंगडत निघाला. एक बाई कडेवरचं पोर सावरत रडकुंडीला आली, “अहो, मी अंधारात निघालेय घरातून! माझा नंबर गेला की!”

मावशी भिंतीला धरून आली. तिला पोतं नीट दिसत नव्हतं, पण मुकादमाचा आवाज पुरे होता.

“काय रे, केर कधीपासून पोत्यात भरून ठेवायला लागलास? एरवी तर कोपऱ्यात सारतोस.”

लोक हसले. मुकादम ओशाळला. “मावशी, माझ्यावर का चिडताय? मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आहे. म्हणाले, रांग दिसली की कंपनीवाल्यांना आयतंच कोलीत मिळतं.”

“आणि रांग झाकली की रोग झाकतो का? ओत पोतं.”

“मावशी...”

“ओत म्हणते ना!”

त्यानं ओतलं. ढीग पडला, रबरी, चामडी, प्लास्टिकच्या, एकीत दुसरी अडकलेली. क्रम मोडला तो मोडलाच. आता खरी मारामारी होणार, असं मला वाटलं. पहिला नंबर सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं? मावशी ढिगापाशी उभी राहून म्हणाली, “मला आता दिसत नाही. कोण कुणाच्या मागं होतं, ते तुम्हीच सांगा. आपल्या पुढं कोण होतं तेवढं सांगायचं. आपल्या मागचं नाही.”

मी सुई खाली ठेवली. एकेक माणूस पुढं येत होता. “माझ्या पुढं हे आजोबा.” “माझ्या पुढं ती पोरवाली ताई.” “नाही हो, तुमच्या पुढं मी नाही, हा हात मोडलेला होता, मी तुमच्या मागं.” रांग जशी होती तशी पुन्हा लागली. एकही माणूस खोटं बोलला नाही. तापानं फणफणलेले, पोटात कळा येणारे, रात्रभर खोकलेले लोक, आणि एकही जण खोटं बोलला नाही. ही गोष्ट कुठल्या समितीनं लिहून घेतली नाही, म्हणून मी लिहितोय.

तेवढ्यात तिचा मुलगा आला.

तो कंपनीच्या काचेच्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बूट असे की वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं. पोरगा वाईट नाही. आईला वाऱ्यावर सोडणाऱ्यातला नाही. पण आईशी तो सरळ बोलत नसे. त्याचं कारण मला ठाऊक होतं, अख्ख्या दवाखान्याला ठाऊक होतं.

“आई, तू इथं काय करतेयस? मी म्हटलं नव्हतं, डोळ्यांचं आमच्याकडं करू? कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना सवलत आहे.”

“आणि ज्या आईचा मुलगा तुमच्याकडं कामाला नाही, तिनं काय करायचं?”

“झालं, सुरू झालं तुझं. चप्पल तरी घाल पायात. जमीन तापलीय.”

“चप्पल रांगेत आहे.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “काका, तुम्ही तरी समजवा हिला.”

“बाबा रे, मी चपलांना टाके घालतो. आई-लेकरांना घालता येत नाहीत.”

तो हसला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून पुन्हा आत ठेवला. मग आईकडं न बघता म्हणाला, “मी आज बोलणार आहे हॉलमध्ये. कंपनीच्या बाजूनं. बाबांचं सांगणार आहे. तुला आधी सांगितलेलं बरं.”

मावशीनं अनवाणी पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली.

“सांग की. खोटं नाहीय ते.”

“तू येऊ नकोस आत.”

“येणार. जनतेला बोलावलंय म्हणे. मी कोण आहे मग?”

हॉल म्हणजे जुनं जेवणघर. मीही हत्यारं झाकून मागं जाऊन उभा राहिलो. समिती टेबलामागं बसली, पुढं पाण्याच्या बाटल्या. मधोमध अध्यक्ष. चेहऱ्यावरून माणूस सभ्य वाटला, आणि सभ्य माणसाला कंटाळा आला की तो जसा दिसतो तसाही दिसत होता.

आधी कंपनीचा साहेब पडद्यावर चित्रं दाखवून बोलला. स्वच्छ चादरी, हसऱ्या नर्सा, कुंड्या. त्याच्या चित्रात आजारी माणूस एकही नव्हता. गरिबांना सरकार कार्ड देईल, कार्डावर ठराविक उपचार मोफत होतील, सरकारनं पैसे द्यायचे आणि काम आमच्यावर सोपवायचं, असं त्याचं म्हणणं. “जे उपचार कार्डात नाहीत, त्यांचं काय?” कुणीतरी मागून विचारलं. तो गोड हसून म्हणाला, “त्यासाठी वेगवेगळे पर्याय उपलब्ध असतील.” पर्याय! मरण हाही पर्यायच की.

मग आमच्या बाजूचा पुढारी उठला. हा कर्मचारी संघटनेचा. टेबलावर मुठी आपटत बोलला, रक्त सांडू म्हणाला, दवाखाना आमची आई आहे म्हणाला. सांडण्याइतकं रक्त असतं तर आमच्या रक्तपेढीला दिलं असतं तरी चाललं असतं. आणि ही ‘आई’ आजारी बायकांना दारात बसवते, गोळ्या संपल्या म्हणते, वॉर्डात एका खाटेवर दोघींना झोपवते, त्यावर तो अवाक्षर बोलला नाही. त्याची स्वतःची बायको काचेच्या हॉस्पिटलात बाळंत झाली होती. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

नंतर मावशीच्या मुलाचं नाव पुकारलं.

तो कागद उघडून उभा राहिला, पण कागद वाचला नाही.

“माझे वडील रंगारी होते. घरं रंगवायचे. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी त्यांना बरं वाटेना म्हणून या दवाखान्यात आले आणि रांगेत चप्पल ठेवली. झाडाला टेकून बसले. दारात माझी आई होती. ड्यूटीवर. ही बसलीय ना, ही.” त्यानं बोट दाखवलं नाही, मान वळवली. “रांग सरकत गेली. लोक त्यांची चप्पल हातानं पुढं सरकवत राहिले, कारण इथं तशी शिस्त आहे. फार कौतुक आहे त्या शिस्तीचं. चप्पल दारापाशी पोचली. आईनं आवाज दिला, ‘पुढचा या.’ कुणी आलं नाही. तिनं खाली बघितलं, तर रंगाचे शिंतोडे उडालेली चप्पल. झाडाखाली लोकांना वाटत होतं, माणूस झोपलाय.”

त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली.

“एका शब्दानं त्यांना आत घेता आलं असतं. आई दारातच होती. एका शब्दानं. मी जिथं काम करतो तिथं कुणी छातीवर हात ठेवून आलं की चाकाची खुर्ची धावत येते. म्हणून मी म्हणतो, हा दवाखाना द्या त्यांना. एवढंच.”

तो बसला. कंपनीचा साहेब टाळी वाजवायला निघाला होता, पण लोकांचे चेहरे बघून त्यानं हात मांडीवर ठेवले.

मावशी उठली. तिचं नाव यादीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमची नोंदणी झालीय का?”

“झाली असेल की. मी इथंच होते जन्मभर.”

अध्यक्षांना हसू आलं. “बरं, बोला. पण सावकाश पुढं या. अहो, तुमची चप्पल कुठं राहिली?”

“रांगेत आहे.”

ती टेबलापर्यंत गेली नाही. मुलाच्या खुर्चीपाशी थांबली आणि खुर्चीच्या पाठीला धरून बोलली. आवाज दारात देते तसाच, खणखणीत.

“पोरगा बोलला त्यात खोटं काही नाही. एका शब्दाचं काम होतं. मी तो बोलले नाही. त्यांना विचारलं होतं, काय होतंय? म्हणाले, पित्त झालंय. मी मानलं. त्यांच्या पुढं एक बाळंतीण होती, तिच्या पुढं एक भाजलेला पोरगा. पित्तवाल्या नवऱ्यासाठी मी कुणाची चप्पल मागं सारणार होते? नाही सारली. त्यावरून पोरानं मला काय म्हणायचं ते म्हणावं, त्याला हक्क आहे. तुम्हाला नाही.”

“बाई, विषयाला धरून...” अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं.

“हाच विषय आहे साहेब. पित्त आहे की काळीज, हे शिपाईण कसं ओळखणार? ते ओळखायला इथं एक सिस्टर होती. रांगेतून फिरायची. झाडाखाली, भिंतीपाशी, एकेकाचा हात हातात घेऊन बघायची. ज्याचं नाजूक असेल त्याला तीच उचलून आत न्यायची, आणि एकानंही कधी कुरकुर केली नाही. ती सिस्टर निवृत्त झाली आणि सरकारनं तिची जागा भरली नाही. मोठ्या डॉक्टरांनी अर्जावर अर्ज केले. नाहीच भरली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. मग डॉक्टरांच्या जागा भरायचं थांबवलं. मग औषधं. आज तुम्हीच येऊन म्हणताय, सरकारला दवाखाना चालवता येत नाही. अहो, हातपाय बांधून माणसाला पाण्यात टाकायचं आणि वर म्हणायचं, याला पोहता येत नाही!”

मागून कुणीतरी “बरोबर!” म्हणून ओरडलं. मावशीनं हातानंच त्याला गप्प केलं.

“मी या दवाखान्याची आरती ओवाळायला उभी नाही. इथं लोकांनी शिव्या खाल्ल्या, माझ्यासुद्धा खाल्ल्या. पण इथं कुणालाही, तू कोण, कुणाचा, काय घेऊन आलास, असं विचारून मी दार लावलं नाही. माझ्या मुलाला राग आहे की एका शब्दानं आत जाता येत होतं आणि मी तो उच्चारला नाही. त्याचा राग मी समजते. पण तुम्ही आता असं दार लावणार आहात, की ज्याच्यापाशी तो शब्द नाही त्याला आत जाताच येणार नाही. ज्याचं पोरगं तुमच्या खिडकीवर बसत नाही, ज्याचा रोग तुमच्या कार्डात नाही, त्यानं चप्पल कुठं ठेवायची तेवढं सांगा. चाकाची खुर्ची चांगलीच आहे. ती इथं आणा. ती सिस्टर इथं आणा. सरकार आमचं आहे ना? मग आमच्या दारात सरकारनं उभं राहावं. मी एकटी किती वर्षं उभी राहू?”

बोलता बोलता तिचा हात खुर्चीच्या पाठीवरून मुलाच्या खांद्यावर घसरला होता. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. मुलानं खांदा काढून घेतला नाही.

“नोंद घेतली आहे,” अध्यक्ष म्हणाले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बस्स. आभाळ कोसळलं नाही. समिती पाणी प्याली, आणखी काही जणांचं ऐकून गाड्यांतून निघून गेली. जाताना त्यांच्यातल्या एकानं चपलांच्या रांगेचा फोटो काढला. तो कुठल्या बाजूचा पुरावा म्हणून लागेल, ते त्याचं त्याला माहीत. निकाल काय लागायचा तो लागेल. मला त्या टेबलाकडून फारशी आशा नाही, आणि असल्याचं ढोंग मी करणार नाही.

पण दुपारी मी परत नळाशेजारी येऊन बसलो, तेव्हा दारापाशी जे झालं ते माझ्या जागेवरून पाहिलं.

सभा चालू होती तेव्हा तपासणी थांबली नव्हती. रांग सरकत होती. मावशी आत हॉलमध्ये, तिची चप्पल बाहेर. लोकांनी ती पुढं नेली होती. हात मोडलेल्यानं चांगल्या हातानं, पोरवालीनं पोर खाली ठेवून, एकेकानं वाकून. आता ती अगदी पहिली होती, बंद दाराच्या उंबऱ्याला टेकलेली, दोन्ही पाय जुळवून ठेवावेत तशी. आणि तिच्यात कुणी नव्हतं.

आतून नव्या शिपायानं आवाज दिला, “पुढचा या!”

मुलगा नेमका तेव्हाच हॉलमधून बाहेर पडला होता, आईच्या पुढं. तो पायरीवर थबकला. त्यानं चप्पल बघितली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मी जागेवरून उठलो.

“पुढचा कोण आहे? या लवकर!”

“आई!” तो ओरडला. एवढा मोठा माणूस, पण ओरडला ते शाळेतल्या पोरासारखा. “आई कुठंय? आई!”

“आले रे, आले. ओरडतोस काय? डोळे गेलेत, कान नाही गेले.”

ती हॉलच्या भिंतीला धरून कोपऱ्यावरून येत होती, एकेक पाऊल टाकत. तिच्या मागचा एक म्हातारा शिपायाला म्हणाला, “दम धर जरा. मावशी येतायत.” शिपाई थांबला, सगळेच थांबले.

मावशी दारापाशी पोचली आणि पायानं चप्पल शोधू लागली. डावा पाय उजवीत जात होता. अंगठा सापडत नव्हता. मुलगा खाली बसला. इस्त्रीची विजार, चकचकीत बूट, तसाच मातीत उकिडवा बसला आणि त्यानं आईच्या घोट्याला धरलं.

“हा डावा. थांब. हां, आता दुसरा.”

“हात खराब होतील तुझे.”

“होऊ देत.”

नव्या अंगठ्यात तिचं बोट नीट बसेपर्यंत त्यानं पाय सोडला नाही. ती त्याच्या डोक्याला धरून तोल सांभाळत होती. मग दार उघडलं आणि ती आत गेली. दार लागलं.

तो तिथंच बसून राहिला, रिकाम्या झालेल्या जागेशेजारी. मागून एक घाईतला माणूस आला. रांग सरकली म्हणून त्यानं आपली चप्पल पायानंच पुढं ढकलली.

मुलानं मान वर केली.

“हातानं, दादा,” तो म्हणाला. “हातानं.”